शिळ्या विनोदाचा दंड

हार्टविक मार्गाच्या हॅलोवीन समितीचे पत्र अर्नेस्टीन टॉलिव्हर यांना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले आणि त्यांनी ते दारातच, उभ्या उभ्या, तीनदा वाचले. चौतीस वर्षे लॅटिन आणि ग्रीक शिकवण्यात घालवलेली व्यक्ती एखादा मजकूर तीनदा वाचते ती दोनच कारणांनी. एक तर तो फार चांगला असतो. किंवा तो लिहिणाऱ्याने पूर्ण शुद्धीत लिहिला यावर विश्वास बसत नाही.

कागद नारिंगी होता आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत वटवाघळे होती. मजकूर असा होता की प्रत्येक घराने किमान तीनशे चॉकलेटे तयार ठेवावीत; सजावट आपल्या रस्त्याच्या लौकिकाला साजेशी असावी; ज्या घरचा वाडगा रिकामा होईल त्या घराने तत्काळ पोर्चचा दिवा मालवावा, जेणेकरून पायऱ्या चढून आलेल्या मुलांचा हिरमोड होणार नाही. त्याखाली, तिरप्या आणि प्रेमळ अक्षरांत, पुढील वाक्ये होती : "आपल्या ज्या ज्येष्ठ शेजाऱ्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी यंदा दिवा लावला नाही तरी चालेल. त्याबद्दल त्यांनी कोणताही न्यूनगंड बाळगू नये. समिती त्यांच्या दारावर एक छानशी पाटी लावून देईल." खाली समितीच्या अध्यक्षा मार्सी केसलर यांची सही होती, आणि सहीतल्या एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागी भोपळा होता.

हार्टविक मार्गावर ज्येष्ठ शेजारी अनेक होते. खर्च न झेपणारा ज्येष्ठ शेजारी एकच होता, आणि अनेकवचनाने त्याची ओळख लपत नव्हती. टॉलिव्हरबाईंच्या महाविद्यालयाने आधी ग्रीक बंद केले, मग लॅटिन, मग ग्रंथालय, आणि आता शिकवण्यासारखे काहीच उरलेले नाही हे लक्षात आल्यावर शेवटी स्वतःलाच बंद केले. त्यांचे निवृत्तिवेतनही त्याच शिस्तीने, टप्प्याटप्प्याने आक्रसत गेले होते. हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होते. छपराची दुरुस्ती तीन वर्षे लांबलेली असली की शेजाऱ्यांना बँकेचे पासबुक पाहावे लागत नाही.

टॉलिव्हरबाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली येई आणि हस्ताक्षर सुंदर होई. त्या टेबलाशी बसल्या, लाल शाईचे पेन घेतले आणि पत्र तपासले. तीन स्वल्पविराम हलवले. ‘लौकिक’ या शब्दाखाली रेघ मारून समासात ‘पुरावा?’ असे लिहिले. ‘छानशी’ खोडले. शेवटी शेरा दिला : "न्यूनगंड हा शब्द, ज्याला उद्देशून वापरला जातो त्याच्यापेक्षा वापरणाऱ्याविषयी अधिक सांगतो. पुन्हा लिहून आणावे. माझा दिवा नेहमीप्रमाणे साडेआठपर्यंत जळेल." श्रेणी दिली ‘ड’. मग त्या कोट चढवून रस्ता ओलांडून गेल्या आणि तो कागद त्यांनी मार्सीच्या दाराच्या फटीतून स्वतःच्या हाताने आत सरकवला.

परत येताना शेजारचे एक्रेम हाजिच पायरीवर कॉफी पीत बसले होते. बॉस्नियातून येऊन त्यांना तीस वर्षे झाली होती. त्यांतली पंचवीस त्यांनी ट्रक चालवला होता आणि उरलेली पाच या पायरीवर बसून रस्ता पाहिला होता.

"काय टाकलंत तिच्या दारात?"

"पेपर तपासून दिला."

"आणि दिव्याचंही लिहून दिलंत?"

"लाल शाईत."

एक्रेमनी कपाचा तळ पाहिला. "संपलं मग. आमच्याकडे अशा गोष्टी लोक तोंडी बोलतात, प्रोफेसर. म्हणजे दुसऱ्या दिवशी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला मोकळे. गेल्या वर्षी किती पोरं आली होती माहितीये? मी मोजली. तीनशे चाळीस. तुमच्याकडे खाऊला किती आहेत?"

"वीस डॉलर."

"वीस डॉलरात," एक्रेम म्हणाले, "साडेसहा वाजतात. साडेआठ नाही वाजत."

हिशेब बरोबर होता, आणि टॉलिव्हरबाईंना पत्राहूनही जास्त राग त्याच गोष्टीचा आला. पण तो दिवा मालवणे त्यांना शक्य नव्हते, आणि त्याचे कारण नारिंगी कागदाहून जुने होते. अडतीस वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे पती लायनेल या रस्त्यावर घर घेणारे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब ठरले. त्या वर्षीच्या हॅलोवीनला लायनेलने सहा वाजता दिवा लावला आणि तो वाडगा मांडीवर घेऊन दाराशी बसला. समोरच्या पदपथावरून मुले जात होती. त्यांच्या आयांचे हात त्यांच्या खांद्यांवर होते, आणि ते हात या दाराशी आल्यावर किंचित घट्ट होत होते. एकही मूल पायऱ्या चढले नाही. "अजून येईल कोणी," असे म्हणत लायनेलने दिवा मध्यरात्रीपर्यंत ठेवला. वाडगा भरलेला होता तसाच राहिला, आणि ती चॉकलेटे त्या दोघांनी नाताळपर्यंत, एकमेकांशी त्याविषयी अवाक्षर न बोलता, खाल्ली. पुढच्या वर्षी दोन मुले आली, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. लायनेल जाऊन चार वर्षे झाली होती. दिवा एकदाही चुकला नव्हता. आता तो एका पाटीने, छानशा, मालवायचा होता.

वीस डॉलरांत दोन पिशव्या आल्या. एकूण ब्याण्णव चॉकलेटे, अंगठ्याच्या पेराएवढी. दुकानातल्या मुलीने विचारले, "एवढीच?" टॉलिव्हरबाई म्हणाल्या, "सध्या एवढीच," आणि त्या ‘सध्या’चा अर्थ त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता.

सजावटीला मग एक दमडीही उरली नाही. परंतु विद्वत्तेचा एक उपयोग असा की स्वस्तातल्या गोष्टीला तिच्यामुळे परंपरा सापडते. भोपळे महाग होते. भोपळा कोरण्याची पद्धत अमेरिकेत आल्यावरची आहे, त्याआधी आयर्लंडातले लोक सलगम कोरत, हे टॉलिव्हरबाई वाचून होत्या. आणि सलगम भाजीवाल्याकडे जवळजवळ फुकट मिळत होते. आयरिश लोकांनी भोपळा दिसताक्षणी सलगम का टाकून दिला हेही त्यांना त्याच संध्याकाळी कळले. पहिला चमचा वाकला. दुसरा तुटला. शेवटी एक्रेम ड्रिल मशीन घेऊन आले.

"प्रोफेसर, हे मूळ आहे का दगड?"

"डोळ्यांना भोक पाडा. नाक नको."

"नाक झालं."

तयार झालेला सलगम हसऱ्या भोपळ्यासारखा मुळीच दिसत नव्हता. तो खूप वर्षांपूर्वी वारलेल्या आणि त्याबद्दल अजून कोणालाही क्षमा न केलेल्या एका म्हाताऱ्यासारखा दिसत होता. टॉलिव्हरबाईंना तो आवडला. त्यांनी असे सहा केले.

मग त्या तळघरात उतरल्या. तिथे चौतीस वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. त्यांनी नावांच्या पट्ट्या कापून टाकल्या, कपडे वाळत घालण्याची दोरी पोर्चभर बांधली आणि त्यावर सर्वांत भीषण उत्तरपत्रिका चिमटे लावून टांगल्या. वारा आला की लाल शाई फडफडे : "हे क्रियापद नाही." "हा सम्राट त्या वेळी मृत होता." "पुन्हा परीक्षेस बसावे." प्लास्टिकचा सांगाडा पाहून हल्ली कोणी दचकत नाही, पण शेवटचे वाक्य वाचून पस्तिशीचा एक टपालवाला पायरीवर थबकला आणि त्याने खिसे चाचपले. पोशाखाचा प्रश्नच नव्हता. पदवीदान समारंभाचा काळा झगा आणि चपटी टोपी कपाटात होती. ज्या संस्थेसाठी तो झगा शिवला ती मेलेली असल्यामुळे तो आता खऱ्या अर्थाने भुताचा पोशाख झाला होता.

समोर मार्सीच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत निळे दिवे होते, मान फिरत होती, आणि पायाशी भाड्याचे यंत्र धुके सोडत होते. मार्सीने सहाशे चॉकलेटे आणली होती, तीही मोठी. तपासून आलेल्या पत्राविषयी ती तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तीस तारखेला तिने फक्त रस्त्यापलीकडून हात हलवला आणि गोड आवाजात विचारले, "काय हो अर्नेस्टीन, जमेल ना सगळं? पाटी तयार आहे हं माझ्याकडे!"

"ठेवा जपून," टॉलिव्हरबाई म्हणाल्या. "तुम्हाला लागेल."

हे त्या रागाच्या भरात म्हणाल्या. नंतर एक्रेम ही भविष्यवाणी होती असे सांगत सुटले.

एकतीस तारखेला सहा वाजता दिवे लागले आणि मुले आली. या सेंट लुईस शहरात मुलाला नुसते दारात उभे राहून चॉकलेट मिळत नाही. त्याला विनोद सांगावा लागतो. दुसऱ्या शहरांत पोरे धमकी देऊन खाऊ नेतात; इथे कमवून नेतात, आणि शहराला याचा फार अभिमान आहे. गोम एवढीच की प्रत्येक मूल घरून एकच विनोद पाठ करून निघते आणि तोच चाळीस दारांत सांगते, आणि तो विनोद बहुधा त्याच्या वर्गातल्या सर्वांचा असतो. लायनेल प्रत्येक विनोदाला पोट धरून हसे. टॉलिव्हरबाई ही त्याची बौद्धिक शिथिलता समजत.

"एक सांगाडा डॉक्टरकडे गेला," पहिला मुलगा म्हणाला. तो संडासातल्या कागदाने गुंडाळलेली ममी होता. "डॉक्टर म्हणाले, जरा आधी यायला हवं होतं!"

एक चॉकलेट.

"चेटकिणी झाडूवरूनच का उडतात? व्हॅक्यूम क्लीनरची वायर पुरत नाही म्हणून!"

एक चॉकलेट.

"एक सांगाडा असतो ना, तो डॉक्टरकडे जातो..."

सहा चाळीसपर्यंत पन्नास चॉकलेटे गेली होती. रस्त्याच्या टोकाला गाड्या थांबत होत्या. उत्तरेकडच्या वस्त्यांतून, जिथे एवढे दिवे लागत नाहीत तिथून, मुलांनी भरलेल्या मोठाल्या गाड्या. मार्सी त्यांना ‘बाहेरची मुलं’ म्हणत असे. टॉलिव्हरबाईंनी वाडग्यात पाहिले. बेचाळीस. मग रांगेकडे पाहिले. मग समोर पाहिले, तर मार्सी धुक्यात उभी राहून आपल्या नव्हे, त्यांच्या वाडग्याकडे पाहत होती.

त्याच क्षणी डोळ्याला पट्टी बांधलेला एक दहा वर्षांचा समुद्री लुटारू पुढे आला. त्याची पिशवी आधीच जमिनीला टेकत होती.

"एक सांगाडा डॉक्टरकडे गेला," तो कंटाळून म्हणाला.

टॉलिव्हरबाईंचा आवाज एकदम खाली आला. एक्रेमनी तो शेजारच्या अंगणातून ऐकला आणि कप बाजूला ठेवला.

"हा विनोद," त्या म्हणाल्या, "आज या पायरीवर एकोणीस वेळा झाला. तो माझ्या आजीच्या वेळी शिळा होता. रोममधल्या स्नानगृहांत तो कोणी सांगितला असता तर ओली वस्त्रे फेकून मारली असती. तू तो पाठ केलास, त्यावर घडीभर विचार केला नाहीस, आणि वर त्याचे मोल मागतोस?"

"मग... मिळणार नाही का?"

"उलट. दंड. एक चॉकलेट. टाक यात."

लुटारूने आयुष्यात प्रथमच लुटला गेल्यासारखा चेहरा केला. त्याने मागे पाहिले. मागे उभ्या आईने हाताची घडी घातली आणि ती म्हणाली, "बघतोस काय? बाईंनी सांगितलंय ना? टाक." झगा, टोपी, डोक्यावर फडफडणारे ‘पुन्हा परीक्षेस बसावे’. त्याने पिशवीत हात घातला आणि एक चॉकलेट वाडग्यात टाकले.

रांगेत मागून कोणीतरी आनंदाने किंचाळले, "ए, ही बाई परत घेते!"

कोणाही शहाण्या माणसाला वाटेल त्याच्या नेमके उलटे झाले. मुले पळाली नाहीत. बारा फुटी सांगाड्याला त्यांनी दोन मिनिटांत पाहून टाकले होते. त्याच्याकडून काहीच गमवावे लागत नव्हते. इथे मात्र खरी भीती होती. नियम टॉलिव्हरबाईंनी तिथल्या तिथे बांधला आणि उभ्याने जाहीर केला : आधी ऐकलेला विनोद, एक चॉकलेट दंड; कधीही न ऐकलेला, दोन बक्षीस. निर्णयावर अपील नाही.

"वायर पुरत नाही म्हणून!"

"शिळा. टाक."

"एक माणूस रात्री कबरस्तानातून जातो. एक म्हातारा छिन्नीने कबरीवर काहीतरी कोरत असतो. माणूस म्हणतो, केवढ्यांदा दचकलो, मला वाटलं भूत! एवढ्या रात्री काय करताय? म्हातारा म्हणतो, अहो, माझं वय चुकीचं कोरलंय."

"बांधणी चांगली आहे. सांगितलासही नीट. पण शिळा. टाक."

"बाई, तुम्ही सगळेच ऐकलेत का?"

"हो. माझा धंदाच तो होता."

सव्वासात वाजता वाडग्यात शंभर होते. एक्रेमनी आपली खुर्ची कुंपणापलीकडून उचलून थेट पोर्चवर आणली आणि ते साक्षीदार म्हणून बसले. "प्रोफेसर, ही तर जकात आहे," ते हळूच म्हणाले. "सरहद्दीवर मी हेच बघत आलोय. फरक एवढाच की तिथे विनोद सांगायला बंदी होती."

साडेसातला समोर काहीतरी बदलले. सांगाड्याची मान फिरायची थांबली. निळे डोळे विझले. सांगाडा पाहायला आलेल्या प्रत्येक मुलाने मार्सीकडून एक मोठे चॉकलेट नेले होते. काहींनी मुखवटे बदलून तीन वेळा नेले होते. सहाशे संपली होती. नियम मार्सीचाच होता. तिने पोर्चचा दिवा मालवला आणि अंधारात, धुक्यात, ती तशीच उभी राहिली. तिच्या दारावर पाटी मात्र नव्हती.

टॉलिव्हरबाईंना या प्रसंगी जो आनंद झाला तो ख्रिस्ती नव्हता, अभिजातही नव्हता, आणि तो पुरा पाच मिनिटे टिकला. मग मार्सीची सगळी रांग रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आली.

आणि आता चौतीस वर्षांच्या अध्यापनात जे क्वचितच घडले होते ते नको त्या वेळी घडू लागले. विद्यार्थी विचार करू लागले. रांग लांब होती, उभे राहून करायचे काय? पुढून बातमी मागे जात होती : सांगाडा नको, झाडू नको, कबरस्तान नको. पोरे घोळक्याने डोकी एकत्र करून कुजबुजत होती, खोडत होती, पुन्हा जुळवत होती.

"आमच्या घरी एक भूत राहायला आलं," अंतराळवीर म्हणाला. त्याचे शिरस्त्राण म्हणजे पिठाची बादली होती. "बाबांनी त्याला भाडं सांगितलं. ते म्हणालं, नको बुवा, थडगं फुकट आहे."

टॉलिव्हरबाईंनी आठवणीत शोधले. त्यांनी रोम पाहिले, अथेन्स पाहिले. कुठेच सापडला नाही. "नवा," त्या म्हणाल्या. दोन चॉकलेटे.

"माझी आजी भुताला घाबरत नाही. भूत आलं तर म्हणाली, आधी चपला बाहेर काढ. भूत म्हणालं, मला पायच नाहीत. आजी म्हणाली, मग तरंगताना भिंतीला हात लावू नकोस, परवाच रंग दिलाय."

"नवा." दोन.

एक्रेम हसून हसून लाल झाले होते. "ही माझीच आई आहे! शप्पथ, हुबेहूब माझी आई!"

मग दोन बाजूंना हातांसाठी दोन भोके पाडलेला पुठ्ठ्याचा पांढरा खोका चालत आला. त्याच्या वरच्या भोकातून आठेक वर्षांच्या मुलीचे तोंड दिसत होते. पुढच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेले एक दार होते.

"मी फ्रीज आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "उघडा."

टॉलिव्हरबाईंनी वाकून दार उघडले. आत फ्रीजसारखी कप्प्यांची चित्रे काढली होती. कप्प्यांवर काहीही नव्हते.

"आत काही नाही," त्या म्हणाल्या.

"महिनाअखेर आहे," फ्रीज म्हणाला.

टॉलिव्हरबाईंनी दार हळूच लावले. त्यांच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये त्या क्षणी अर्धा कोबी आणि उरलेला सलगम होता. त्यांनी दोन चॉकलेटे दिली, मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पोशाख आणि विनोद एकच. हे दुर्मीळ आहे. उत्तम." चौतीस वर्षांत त्यांनी हा शब्द तोंडाने फार तर सहा वेळा उच्चारला होता.

पण उत्तम विद्यार्थी महाग पडतात. दोन, दोन, दोन. आठ वाजता वाडगा निम्मा झाला. सव्वाआठला तळ दिसू लागला. आठ चोवीसला एका चिमुकल्या भोपळ्याने, ज्याला धड बोलताही येत नव्हते, "भू!" केले आणि तो स्वतःच घाबरून रडू लागला, हे निःसंशय नवे होते, आणि शेवटची दोन चॉकलेटे गेली.

गर्दीतून वाट काढत मार्सी आली. साडेआठला रस्ताभर घंटी वाजवून सण संपवण्याचे काम समितीच्या अध्यक्षेचे होते. पितळी घंटी तिच्या हातात होती, लोलक आवाज करू नये म्हणून मुठीत धरलेला.

"अर्नेस्टीन," ती म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. खरे तर ती थकलेली दिसत होती. "वाडगा रिकामा झालाय."

"दिसतंय मला."

"सहाच मिनिटं राहिलीत. म्हणजे... कोणी काही म्हणणार नाही..."

"नियम मला पाठ आहे. मी तो तपासलाय. त्या वाक्यात चूक नव्हती."

ही गोष्ट खरी होती, आणि तीच आड येत होती. अख्ख्या पत्रात तेवढेच एक वाक्य शुद्ध, न्याय्य आणि मुलांच्या हिताचे होते. त्याच्या शेजारी टॉलिव्हरबाईंनी बरोबरची खूण केली होती. समोरचा दिवा त्याच वाक्याने विझला होता. टॉलिव्हरबाईंनी रिकामा वाडगा खुर्चीवर ठेवला. त्या दारापाशी गेल्या आणि त्यांनी बटणावर बोट ठेवले. एक्रेम खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"थांबा, बाई! माझा एक राहिला!"

पुठ्ठ्याचा खोका माणसांना धक्के देत पायऱ्या चढत होता. फ्रीज परत आला होता.

"वाडगा रिकामा आहे, बाळ. द्यायला काही नाही."

"ऐका तर." मुलीने श्वास घेतला. "एक सांगाडा डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी यायला हवं होतं."

टॉलिव्हरबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. "या विनोदाला मी दंड करत होते तेव्हा तू इथेच, रांगेत उभी होतीस."

"हो."

"तो शिळा आहे हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग?"

"मग करा ना दंड," फ्रीज म्हणाला, आणि दार उघडून आतल्या रिकाम्या कप्प्यामागून एक चॉकलेट काढून त्याने वाडग्यात टाकले. रिकाम्या वाडग्यात त्याचा केवढा तरी आवाज झाला.

टॉलिव्हरबाईंचे बोट अजून बटणावर होते. त्यांनी ते काढले.

"शिळा," त्या शक्य तितक्या कठोरपणे म्हणाल्या. "अक्षम्य. पुढचा."

पुढचा अंतराळवीर होता. "वायर पुरत नाही म्हणून!" त्याने आधीचा प्रश्न विचारण्याची तसदीही घेतली नाही. त्याच्यामागे ममी, जिचा बराचसा कागद आता गळून पडला होता : "डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं!" मग चेटकिणी, मांजरे, एक उकडलेले अंडे. कोणी एक टाकले, कोणी मूठभर. "सांगाडा!" "झाडू!" "वय चुकीचं कोरलंय!" पुरा विनोद सांगायलाही कोणाला सवड नव्हती. टॉलिव्हरबाई प्रत्येकाला त्याच गांभीर्याने "शिळा" म्हणत होत्या. फक्त त्यांचा चष्मा कशाने तरी धूसर झाला होता. समोरच्या धुक्याच्या यंत्रावर त्यांनी त्याचे खापर फोडले. ते यंत्र साडेसातपासून बंद होते. शेवटी लुटारू आला. त्याने पिशवी वाडग्यावर उलटी धरली आणि म्हणाला, "माझा आधीचाच. व्याजासकट."

"घंटीवाल्या काकू, आता तुम्ही!" कोणीतरी ओरडले.

मार्सी दचकली. "मी? छे, मला नाही बाई येत."

"सांगा! सांगा! सांगा!"

तिने टॉलिव्हरबाईंकडे पाहिले. टॉलिव्हरबाईंनी तिला मदत केली नाही.

"बरं," मार्सी घाईने म्हणाली. "तर... चेटकिणी झाडूवरूनच का उडतात?"

"शिळा!!" दोनशे गळे एकदम गरजले.

मार्सीला तो विनोद खरोखर नवा वाटत होता, की ती सगळे समजून आली होती, हे टॉलिव्हरबाईंना ठरवता आले नाही, आणि पुरावा नसताना मत बनवायचे नाही ही त्यांची जुनी सवय होती. मार्सीने कोटाचे खिसे उलटे केले. सहाशेपैकी एक, बहुधा स्वतःसाठी लपवलेले, दबून चपटे झालेले मोठे चॉकलेट निघाले. ते तिने वाडग्यातल्या ढिगावर ठेवले. ढीग घसरला.

तिने घंटी वाजवली तेव्हा आठ वाजून सदतीस मिनिटे झाली होती. मुले गाड्यांकडे पांगली. फ्रीज जाताना पायऱ्यांच्या कठड्यात अडकला आणि तिरका करून बाहेर काढावा लागला.

एक्रेमनी वाडगा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "भरलाय, प्रोफेसर. काठोकाठ."

"पहिल्या वर्षीही भरलेलाच होता," टॉलिव्हरबाई म्हणाल्या.

ही गोष्ट एक्रेमना ठाऊक होती. त्यांनी एक चॉकलेट उचलले, कागद सोडला आणि ते तोंडात टाकले.

मार्सी अजून खालच्या पायरीवर उभी होती. उत्तरपत्रिका तिच्या डोक्यावर फडफडत होत्या.

"ते पत्र," ती म्हणाली. "ज्याला ‘ड’ मिळाला. पुन्हा लिहून आणलं तर... मार्क वाढतात का?"

"शुक्रवारपर्यंत आणून दिलंत तर बघते," टॉलिव्हरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दिवा मालवला.